लिहून घेणाऱ्यांच्या मुलखात

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्याला जन्मलेली ही लेक लग्न होऊन जळगावच्या जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात आली आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी डोळे मिटेपर्यंत घरोट्यावर, चुलीपुढे, शेताच्या बांधावर गाणी रचत राहिली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती जमतील तशी उतरवून घेतली. आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती पडली. त्या दोघांनी वेळेवर कागद पुढे ओढला नसता, तर यातले फारच थोडे चौधरी वाड्याच्या भिंतींपलीकडे गेले असते. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्यांची आठवण त्यांच्या भाऊबंदांपुरती उरली असती आणि दोन पिढ्यांत तीही विझली असती.

खानदेशात हे एकदाच घडलेले नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी समोर बसून ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून उभा राहिला. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून रामदासी हस्तलिखिते गोळा केली, आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ती आजही सांभाळली जात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी महाराष्ट्र पालथा घालून अखेर धुळ्यात आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ सुरू झाले. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ मासिक काढले आणि ते १९३५ पर्यंत चालले. याच गावात १९०७ साली कविसंमेलन भरले, धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा तिथे उभा राहिला आणि तिथून ‘बालकवी’ होऊन परतला.

म्हणजे हा मुलूख लिहून घेणाऱ्यांचा आहे. दुसऱ्याच्या तोंडचे, दुसऱ्याच्या माळ्यावरचे, वाळवीच्या तोंडातले वेळेत उचलून कागदावर आणायचे, हे काम खानदेशाने महाराष्ट्रासाठी केले आहे. मात्र ज्या पेठांत आणि गल्ल्यांत राहून ही माणसे ते काम करत होती, त्या पेठांच्या रोजच्या जगण्याकडे तेवढ्या आसोशीने कोणी वळले नाही. सरदार-सावकारांची दप्तरे फडताळात सुरक्षित राहिली. गल्लीचे दप्तर कधी बांधलेच गेले नाही, कारण ते म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात होते आणि ते बोलणे कधी संपेल असे कोणाला वाटले नव्हते. आता ते संपत आले आहे. जळगाव आणि धुळ्याच्या जुन्या वस्तीवरचे हे पुस्तक त्या काळजीतून आले आहे.

या दोन गावांचे मूळ थोडक्यात सांगायला हवे, कारण त्यांच्या जुन्या पेठा एकाच पद्धतीने वाढलेल्या नाहीत. १८०३ च्या दुष्काळाने धुळे ओस पडले होते. विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पुढच्या वर्षी धुळे हे मुख्य ठाणे ठरवले. जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांचे नवे गाव आखले गेले, बऱ्हाणपूरसारख्या शहरांतून व्यापारी आणि कारागीर बोलावून त्यांना जागा दिल्या गेल्या. धुळेकर आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो, ते या आखणीचे देणे आहे. पुण्या-नाशिकच्या माणसाला आकड्यांचा हा पत्ता रुक्ष वाटतो. धुळ्याच्या माणसाला मात्र आकडा ऐकताच तिथे सोनार राहतात की वकील, तालीम कोणती, गणपती कोणाचा, हे सगळे डोळ्यांपुढे येते. पांझरेच्या पुरांनी हे गाव अनेकदा धुऊन काढले. १८७२ च्या पुरात शेकडो घरे गेली आणि पुन्हा उभी राहिली.

जळगाव त्यामानाने आडवळणाचे गाव होते. १८६० च्या सुमारास आगगाडी आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची बाजारपेठ बघता बघता फुगली. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण जळगावला आले. नवी पेठ, बळीराम पेठ, जोशी पेठ, शनी पेठ, पोलन पेठ अशा एकेका पेठेने गाव स्टेशनच्या दिशेने सरकत गेले. जुने जळगाव मागे राहिले, पण देव तिथेच राहिला. म्हणून उत्सवाच्या दिवशी अख्खे शहर पुन्हा जुन्या गावात येते.

तो उत्सव म्हणजे श्रीरामाचा रथ. सद्गुरू अप्पा महाराजांनी १८७२ साली तो सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी वहन निघते. घोडा, हत्ती, वाघ, सिंह, सरस्वती, गरुड, मारुती अशी वहने एकामागून एक येतात, आणि एकादशीला रथ. सागवानी लाकडाचा तो उंच रथ दोरांनी ओढतात, पण ओढण्यापेक्षा तो थांबवणे आणि वळवणे कठीण. त्यासाठी मोगरीवाले असतात. धावत्या चाकाखाली लाकडी मोगरी नेमक्या क्षणी सरकवायची, रथाचे तोंड बोळाच्या कोपऱ्याकडे वळवायचे आणि चाक अंगावर यायच्या आत हात काढून घ्यायचा. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. बापाच्या मागे उभे राहून पोरगा शिकतो, आणि त्यासाठी बाप आणि पोरगा दोघेही त्याच गल्लीत राहत असावे लागतात.

रथाचा मार्ग कोल्हे वाडा, सुभाष चौक, दाणा बाजार असा जुन्या गावाला आणि बाजाराला वळसा घालतो. भिलपुऱ्यात तो लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे फुलांची चादर चढवली जाते आणि मग पुढे निघतो. शासनाने सलोख्याचा कार्यक्रम म्हणून हे सुरू केलेले नाही. कोणे एके काळी दोन शेजाऱ्यांनी ते ठरवले आणि पुढच्या पिढ्यांनी मोडले नाही. जुन्या धुळ्यातही असेच एक ठिकाण आहे. इंग्रजांच्या काळात मिरवणुकीवरून तिथे रक्त सांडले आणि ‘खुनी गणपती’ हे नाव कायमचे चिकटले. त्याच गणपतीची पालखी आज मशिदीसमोर थांबते आणि मशिदीतली मंडळी पुढे येऊन तिचे स्वागत करतात. धुळ्याने दंगलीही पाहिल्या आहेत, त्या या पुस्तकात लपवू नयेत असे मला वाटते. पण ज्या गावाने दंगल पाहिली त्याच गावाने हा थांबा टिकवला, हे सांगायलाही गल्लीतलीच माणसे हवीत.

रथाच्या मार्गावर वहन एकेका दारी थांबते आणि पानसुपारी होते. घरचे लोक ओटा सारवून, रांगोळी काढून वाट पाहतात. आता कल्पना करा की त्या ओट्याच्या जागी काचेचे शटर आहे, मालक रिंग रोडला राहतो, रात्री नऊला कुलूप लागते आणि आत नोकर नाही की दिवा नाही. वहन तिथून जाईल, पण थांबेल कोणासाठी? जुन्या पेठांत आज जे चालले आहे त्याचा खरा घाव इथे आहे.

हा बदल नेमका कसा आहे ते नीट समजून घ्यायला हवे, कारण मुंबई-पुण्याचे आणि परदेशातले वर्णन इथे जसेच्या तसे लागू होत नाही. १९६४ साली रूथ ग्लास या अभ्यासक बाईंनी लंडनबद्दल लिहिले की श्रीमंत लोक कामगारांच्या वस्तीत घरे घेतात आणि जुने रहिवासी उखडले जातात. गिरगावच्या खोताच्या वाडीत किंवा गिरणगावात थोड्या फरकाने तेच दिसले. जळगाव-धुळ्यात श्रीमंत माणूस जुन्या वस्तीत राहायला येत नाही. तो तिथून बाहेर पडतो आणि जाताना जागेची किंमत मागे ठेवून जातो. सराफ बाजार, दाणा बाजार, कापड बाजार, धुळ्याचा आग्रा रोड या बाजारपेठा शेजारची घरे एकेक करून गिळतात. खाली दुकान, वर गोदाम, मागच्या चौकात पार्किंग. भाडेकरू, छोटे कारागीर, एकट्या राहणाऱ्या विधवा यांना नवे दर परवडत नाहीत आणि ते पिंप्राळ्याच्या पलीकडे किंवा देवपूरच्या टोकाला जातात. दिवसा पेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री माणूस दिसत नाही.

याला अजून वेग येणार आहे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या फाट्यावरचे गाव. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, त्याचा अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे आणि तो मार्ग धुळ्यातून जातो. धुळेकरांनी या रेल्वेची वाट पिढ्यानपिढ्या पाहिली. ती यावी, लवकर यावी. परंतु रेल्वेच्या बातमीबरोबर जागेचे भाव हलतात आणि भाव हलले की आधी जुनी घरे पडतात, हे जळगावच्या पेठांनी दीडशे वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

घर सोडून जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्यांनी वाडा बाहेरून पाहिला त्यांना कोरीव सागवान दिसते. ज्यांनी आतून पाहिला त्यांना गळणारे धाबे आठवते. खानदेशी घराचे छप्पर म्हणजे सपाट मातीचे धाबे. कडीपाटावर माती दाबून, वर खारी पसरून ते बनते. उन्हाळ्यात घर गार राहते, धाब्यावर बिबडे, पापड, कुरडया वाळतात आणि रात्री अख्खे कुटुंब तिथे झोपते. पण दर वर्षी रोहिण्या निघायच्या आत खारी टाकावी लागते, आणि ही खारी माती टाकणारे हातही आता मिळत नाहीत. एक पावसाळा दुर्लक्ष झाले की पाणी कडीत मुरते आणि वाळवी लागते. त्यात पायखाना मागच्या बोळात, जिना अंधारा, म्हाताऱ्यांना चढवत नाही, आणि आग लागली तर बंब आत येऊ शकत नाही. लेकीचे लग्न ठरवताना समोरचे लोक घर पाहतात. सुनेला स्वतंत्र खोली हवी असते, आणि तिने ती मागू नये असे म्हणण्याचा कोणाला हक्क आहे?

शिवाय वारस. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पणजोबांचे नाव, त्याखाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, त्याखाली सगळ्यांची मुले-मुली. कोणी नाशिकला, कोणी सुरतेला, कोणी अमेरिकेत. दुरुस्तीला पैसे द्यायला कोणी तयार नसतो, कारण प्रत्येकाचा हिस्सा दोन खणांचाही होत नाही. भाडेकरू साठ वर्षांपूर्वीच्या भाड्यात राहतो, त्यामुळे मालक खिळासुद्धा ठोकत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक घराची नोटीस चिकटवते. भावाभावांनी कधी एकत्र न केलेल्या सह्या बिल्डर महिनाभरात गोळा करतो, आणि वाडा उतरतो. खांब आणि तुळया जुन्या सागवानाच्या बाजारात जातात, कोरीव दरवाजा एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीला लागतो. हे रडून सुटणार नाही. कायदा, पैसा आणि भाऊबंदकी यांच्या गाठी सोडवल्याशिवाय वारशाची कोणतीही भाषणे त्या वाड्यापर्यंत पोचत नाहीत.

वाडा पडल्यावर नक्की काय जाते, हे कानबाईवरून कळते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने आणि वस्त्र लेववून देवी मांडायची, रोटांसाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशोबाने गहू मुठींनी मोजायचे, ते दळून पुरणपोळी, खीर, रोट करायचे, आणि सगळ्या भाऊबंदांनी एका ठिकाणी जेवायचे. रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. ज्या घरी कानबाई बसते त्या घरी शंभर माणसे सहज उतरतात. चौक, ओसरी आणि धाबे असलेल्या घरासाठी हा सण घडलेला आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कानबाई बसवणारी कुटुंबे आहेत, ती मंगल कार्यालय भाड्याने घेतात, आणि त्यांची श्रद्धा कमी झालेली नाही. परंतु पूर्वी मूठ मोजताना ‘ही कोणाच्या नावाची’ असा प्रश्न निघायचा आणि त्या उत्तरातून लेकरांना चार पिढ्यांची वंशावळ पाठ व्हायची. मंगल कार्यालयात स्वयंपाक आचारी करतो. अशा ठिकाणी सण टिकला तरी त्यातले शिकवणे सुटते.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणारी पोरींच्या गाण्यांची भुलाबाई दारोदार फिरायची. पोरी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जात आणि खाऊ ओळखायचा खेळ रंगे. जळगावात आता तिचे महोत्सव भरतात, शाळांचे गट मंचावर गाणी म्हणतात. ज्यांनी ते सुरू केले त्यांचे उपकारच मानायला हवेत, नाहीतर गाणीही गेली असती. पण मंचावरच्या भुलाबाईला खाऊ ओळखायचा नसतो. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोकेही असेच. झोका बांधायला कडुनिंब हवा, आणि कडुनिंब रस्ता रुंदीकरणात गेलेला असतो.

पेठेची आठवण कोणाची, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाड्याच्या मालकाकडे फोटो असतात, खरेदीखत असते, कधीमधी वंशवृक्षही छापलेला असतो. म्हणून पेठेचा इतिहास लिहायला बसले की तो आपोआप मालकाचा इतिहास होतो. भिलपुऱ्यातल्या माणसाला, वाल्मीकनगरात राहून पेठ झाडणाऱ्याला, पाणी भरणाऱ्या बाईला, तेल्याला, कासाराला, वाड्यात मागच्या दाराने शिरावे लागलेल्याला या गल्लीत काय दिसले? त्यांच्या आठवणीत तो ओटा बसायची जागा नसेल. जिथे बसायची परवानगी नव्हती अशी जागा असेल. ते लिहून घेतले नाही तर आपले काम खोटे ठरेल. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी दर वर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात. शासकीय फाइलींची वाट न पाहता एका समाजाने स्वतःच्या इतिहासाची जागा अशी सांभाळली, त्याच्याकडून जुन्या पेठांनी शिकावे असे बरेच आहे.

धुळ्याचा मिल परिसर घ्या. न्यू प्रताप मिल बंद पडली, नाव तेवढे उरले. मिलमध्ये खपलेल्या माणसांच्या आठवणी कोणत्या वाड्यात बसणार? आणि जळगावच्या सराफ बाजारात आज दागिन्याचे बारीक काम करणारे कितीतरी हात बंगाली आहेत. ती मुले जुन्या घरांच्या माळ्यांवर दाटीवाटीने राहतात. तीही आता पेठेची माणसे आहेत आणि पन्नास वर्षांनी कोणी हा बाजार समजून घ्यायला बसेल तेव्हा त्यांच्यावाचून त्याला काही कळणार नाही. पेठेचा इतिहास आजोबांपाशी संपतो असे समजू नये.

मग करायचे काय? इमारतींच्या बाबतीत रस्ता अगदीच बंद नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या जतनाची तरतूद आहे आणि ती जळगाव-धुळ्यालाही लागू पडते. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानले. तिथल्या पोळांमधल्या लाकडी घरांच्या मालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येते. तापीच्या खोऱ्यातून गुजरातशी शतकानुशतके देवघेव करणाऱ्या खानदेशाला हे परके वाटू नये. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांनी वारशाची यादी करताना केवळ देखण्या इमारती मोजू नयेत. रथाचा मार्ग, पालखीचा थांबा, कानबाईची विसर्जनाची वाट, पाणवठा आणि पार हे सगळे त्या यादीत हवे. रुंदीकरणाचा नकाशा काढताना आणि बांधकामाला परवानगी देताना ती यादी समोर असायला हवी. जो मालक स्वतः तिथे राहतो त्याला घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीला कमी व्याजाचे कर्ज मिळावे. राहता माणूस टिकवणे हे जतनाचे पहिले काम आहे. रिकाम्या सुंदर वाड्यांची रांग मला नको आहे.

चौधरी वाड्यातल्या बहिणाबाईंच्या घराचे संग्रहालय झाले, त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. मला त्यातले एक फार आवडते : ते राहत्या वस्तीत आहे. तिथे जाताना दारात बसलेल्या बायकांना वाट विचारावी लागते, आणि उत्तर बहुतेक वेळा बहिणाबाईंच्याच बोलीत मिळते. हीच वस्तू-मांडणी महामार्गावरच्या एखाद्या देखण्या इमारतीत नेली असती, तर तिचा अर्धा जीव गेला असता.

तरीही प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही, होऊही नये. पुष्कळ घरे पडणार आहेत. ती पडायच्या आधी काय लिहून घेता येईल, यावर या पुस्तकाचा भर आहे. घराचा साधा आराखडा, खणांची संख्या, बळद कुठे होते, कोणत्या कोनाड्यात दिवा लागायचा. गल्लीत कोणाचा कोणता धंदा होता आणि तो का बंद पडला. कोणत्या दाराशी कोणते वहन थांबायचे. दंगलीच्या रात्री कोणी कोणाला लपवले आणि कोणी दार उघडले नाही. बाळंतिणीला काय खाऊ घालत, प्रेताची वाट कोणती होती, उन्हाळ्यात पाणी कुठून येई.

हे लिहून घेताना एका गोष्टीचा आग्रह धरावा लागेल. सांगणारी बाई लेवा बोलीत सांगत असेल तर लेवा बोलीतच उतरवा. अहिराणीत सांगत असेल तर अहिराणीत. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीवर त्यांची पकड होती. आईची गाणी ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह त्यांना झाला असता तर कोणी त्यांना बोल लावला नसता, आणि आपल्याला बहिणाबाई मिळाल्या नसत्या. पेठेतल्या म्हातारीचे वाक्य शहाण्या मराठीत बदलणे म्हणजे तिच्या घरावर नवी काचेची दर्शनी भिंत चढवणे आहे. तारीख चुकली तर चुकू द्या, खाली टीप देता येते. दोन माणसांनी एकच प्रसंग दोन तऱ्हेने सांगितला तर दोन्ही ठेवा. राजवाड्यांनी कागद जसा सापडला तसा छापण्याची शिस्त घालून दिली. तीच शिस्त बोलण्यालाही लावायला हवी.

काही जण विचारतील की गावापुढे रोजगार, पाणी, रस्ते असे प्रश्न असताना या जुन्या बोळांचे काय घेऊन बसलात. प्रश्न रास्त आहे. पण जळगाव किंवा धुळ्यातल्या कोणत्याही तरुणाला विचारा, तो पुण्याला जायला निघालेला असतो. आणि माझे गाव म्हणून त्याला जे सांगता येते ते भरीत, शेवभाजी आणि सोने एवढ्यावर थांबते. जळगावच्या तरुणाला तर, आपल्या गावात मासिकभर नुसत्या कविता छापल्या जात आणि सारा महाराष्ट्र त्या वाचत असे, हे कोणी सांगितलेले नाही. ‘काव्यरत्नावली चौक’ हे नाव मात्र तो रोज उच्चारतो. ज्या गावाला स्वतःची ओळख ठाऊक नसते, त्या गावातल्या रस्त्या-पाण्यासाठीही कोणी नेटाने भांडत नाही, असे माझे मत आहे.

हे पुस्तक अपुरे आहे. कित्येक गल्ल्या यात नाहीत, कित्येक समाज एखाद-दुसऱ्या पानावर आटोपले आहेत, आणि पारोळा, अमळनेर, धरणगाव, चोपडा, शिरपूर यांच्या जुन्या पेठांना तर यात हातच घातलेला नाही. ती उणीव भरून काढणे वाचकांच्या हाती आहे. तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला, शक्य असेल तर बाईमाणसाला, या दिवाळीपूर्वी गाठा. फोनवर आवाज मुद्रित करा, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, कागदावर उतरवा. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गल्ली, दिवस आणि बोली वर लिहा. काय छापायचे आणि काय नाही हे त्यांना विचारा आणि त्यांचा शब्द पाळा. एक प्रत घरात ठेवा आणि एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या, पोच घ्या. जुन्या घराचा सौदा झाला असेल, तर ताबा देण्याआधी हे करा.